नवरा घरी आहे, पण घर अजून तुझ्याच हातात आहे

पत्र असं आहे (थोडं छोटं करून देतेय):

"मावशी, आम्ही बरीच वर्षं मिशिगनमधे आहोत, डेट्रॉइटजवळ नोव्हायला. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, पुण्यात शिकलेला. इलेक्ट्रिक गाडीचा प्रोजेक्ट होता तो कंपनीने थांबवला आणि मार्चमधे त्याची अख्खी टीम गेली. ग्रीन कार्ड झालंय त्यामुळे ती भीती नाही. माझी हॉस्पिटलच्या बिलिंगमधली पार्टटाइम नोकरी होती ती मी लगेच फुलटाइम करून घेतली. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. आता मुलांचं तोच बघतो. पण मी घरी आले की माझी चिडचिड होते, कपडे चुकीचे धुतलेले असतात, डबा परत आलेला असतो, मी रात्री सगळं परत करत बसते. एका मित्राने सांगितलं की 'मिस्टर मॉम' बघा, जुना सिनेमा आहे, डेट्रॉइटचाच आहे, तुमचीच स्टोरी. बघायला बसलो. मी पोट धरून हसले. तो दाढी वाढवून टीव्हीसमोर बसलेला सीन आला आणि हा उठून आत गेला. तेव्हापासून कामापुरतं बोलतो. मंडळाच्या कार्यक्रमात पण लोक त्याला मिस्टर मॉम म्हणायला लागलेत. चिंचवडला सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही, व्हिडिओ कॉल आला की हा शर्ट बदलून लॅपटॉपसमोर बसतो. आणि मावशी, मला मागच्या महिन्यात पगारवाढ मिळाली, ते मी त्याला सांगितलेलं नाही. माझं काय चुकतंय? तो पहिल्यासारखा कधी होईल?"

*

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग तो सिनेमा परत लावला, कारण खूप वर्षांपूर्वी बघितलेला आणि मला फक्त वॉशिंग मशीन आणि साबणाचा गोंधळ आठवत होता. परत बघितल्यावर मला तुझा नवरा नेमका तिथेच का उठला ते कळलं, आणि तुला तेच आधी सांगते, बाकीचं सगळं नंतर.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा १९८३ चा. जॅक बटलर हा डेट्रॉइटमधल्या गाड्यांच्या कंपनीतला इंजिनियर, बायको कॅरोलाइन, तीन मुलं, सगळ्यात धाकटी अगदी तान्ही. बॉस आधी धीर देतो आणि मग त्यालाच घरी पाठवतो, बरोबरच्या दोघांना पण. कॅरोलाइन पूर्वी जाहिरात क्षेत्रात शिकलेली-काम केलेली, तिला आधी नोकरी लागते आणि जॅक घरी राहतो. मग घर, मुलं, डायपर, स्वयंपाक, सगळा राडा. मायकल कीटन जॅक झालाय (बॅटमॅन व्हायच्या बरीच वर्षं आधी), टेरी गार कॅरोलाइन. लिहिलाय जॉन ह्यूजने, ज्याने पुढे 'होम अलोन' लिहिला तोच. ह्यूज स्वतः एकदा घरी एकटा दोन मुलांना सांभाळत होता आणि तो किस्सा त्याने निर्माती लॉरेन शुलरला सांगितला, त्यातून हा सिनेमा निघाला. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने ती धांदल स्वतः अनुभवलेली होती, म्हणूनच त्यातला पोरांचा गोंधळ इतका खरा वाटतो.

आता तुला हे पण माहिती असायला हवं की तो सिनेमा आला तेव्हा डेट्रॉइटमधे कोणी नुसतं मजेत नव्हतं. १९७९ मधे इराणात क्रांती झाली, पेट्रोल भडकलं, लोक मोठ्या अमेरिकन गाड्या सोडून छोट्या जपानी गाड्या घ्यायला लागले, त्यात महागाई रोखायला व्याजदर एवढे चढवले की कर्ज काढून गाडी घेणं परवडेना. क्रायस्लरला तर सरकारने १५० कोटी डॉलरच्या कर्जाची हमी देऊन वाचवलं. १९८२ च्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत बेकारी १०.८ टक्के होती आणि मिशिगनमधे १६ च्या वर. विचार कर, काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दर सहा माणसांत एक घरी. त्या लोकांनी हा सिनेमा तिकीट काढून बघितला, नुसत्या अमेरिकेत ६ कोटी डॉलरच्या वर धंदा केला त्याने. ते हसले कारण थिएटरमधे शेजारी बसलेला माणूस पण घरीच बसलेला होता. आपल्यासारखेच शंभर जण आजूबाजूला असले की हसणं सोपं जातं. तुझ्या नवऱ्याच्या शेजारी सोफ्यावर तू होतीस, आणि तू सकाळी ऑफिसला जातेस. त्या खोलीत घरी बसलेला तो एकटाच होता गं. म्हणून तो उठला. तू हसलीस यात पाप नाही, सिनेमा हसण्यासाठीच आहे, पण त्याला ते हसणं त्याच्यावरचं वाटलं आणि तुला ते त्याच्याशी बोलायला पाहिजे. "मी सिनेमाला हसले, तुला नाही, पण तुला लागलं ते मला दिसलं आणि मी तेव्हा उठून तुझ्यामागे आले नाही, सॉरी." एवढंच. लांबण लावू नकोस, लगेच "पण तू पण ना" असं तर अजिबात जोडू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तू विचारलंयस तुझं काय चुकतंय. मी स्पष्ट सांगते, कारण तू मनापासून विचारलंयस. तू त्याला घरी ठेवलंयस पण घर त्याला दिलेलं नाहीयेस.

सिनेमातला तो शाळेचा सीन आठव. पहिलाच दिवस, जॅक पोरांना गाडीत घालून शाळेत जातो आणि चुकीच्या बाजूने लेनमधे घुसतो, मागच्या-पुढच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, मुलं मागून सांगतायत बाबा तुम्ही चुकताय, आणि मग तिथली ड्युटीवरची बाई येऊन तेच सांगते, तुम्ही चुकताय. तुमच्याकडच्या शाळांच्या ड्रॉप-ऑफ लाइनमधे उभी राहिलेली कुठलीही आई हे बघून हसणार. पण नीट बघ, तो माणूस मूर्ख नाहीये, गाड्या बनवण्यात त्याचं आयुष्य गेलंय. त्याला लेन माहिती नाही कारण इतकी वर्षं ती माहिती एकाच माणसाच्या डोक्यात होती आणि ती व्यक्ती कामावर गेली. कुठल्याही ऑफिसात एक माणूस गेला आणि दुसरा आला तर निदान आठवडाभर सगळं समजावून देतात, फाइली दाखवतात, कोणाला फोन करायचा ते सांगतात. घराचं मात्र आपण कधीच देत नाही, आपल्याला वाटतं ते आपोआप कळतं. आपल्याला पण आपोआप कळलेलं नव्हतं, आईच्या हाताखाली वीस वर्षं बघून बघून कळलेलं.

तू वर लिहिलेल्यापेक्षा खूप जास्त लिहिलं होतंस पत्रात, मी सगळं छापलं नाही. तू रात्री मुलांचे कपडे काढून ठेवतेस. फ्रिजवर यादी लावतेस. लंचमधे फोन करून विचारतेस जेवला का, झोपला का, स्नॅक दिला का. तो पोळ्या जाड करतो म्हणून तू रविवारी आठवड्याच्या पोळ्या करून फ्रीज करतेस. आणि त्याने घडी केलेले कपडे तू परत उलगडून तुझ्या पद्धतीने घडी करतेस. बाळ, तू दमतेस ते मला कळतंय, दोन्हीकडचं ओझं तुझ्यावर आहे, पण यातलं अर्धं ओझं तू सोडत नाहीयेस म्हणून आहे. आणि त्याच्या बाजूने बघ. एक नोकरी कंपनीने काढून घेतली. दुसरी, जी घरात त्याच्यासमोर पडली आहे, त्यात तो रोज तुझा असिस्टंट आहे आणि रोज संध्याकाळी सहा वाजता नापास होतो. माणूस यात पहिल्यासारखा कसा होणार?

मी लालबागची. ज्या वर्षी डेट्रॉइटमधे बेकारी सगळ्यात वर गेली त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, आमच्या गिरणगावात डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. माझे वडील त्यातले. आई पापड, चकल्या करून विकायची, दोन घरी स्वयंपाकाला जायची. वडील गॅलरीत बसून असायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत, आणि आई बिचारी इतकी कष्टाळू की त्यांना पाण्याचा पेला पण उचलू द्यायची नाही, तिला वाटायचं आधीच एवढं झालंय आता घरात पण राबवायचं का. तिचं प्रेमच होतं ते. पण वडील दिवसेंदिवस मिटत चालले होते. मग आईला टायफॉइड झाला आणि पाणी भरायचं काम त्यांच्यावर आलं. चाळीत पाणी पहाटे यायचं, नळावर नंबर, भांडणं, पिंप, हंडे, सगळं. आई बरी झाली तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. ते त्यांचं झालं. कोणत्या बिऱ्हाडाला किती हंडे, कोणाची म्हातारी आजारी आहे तिला आधी, हे सगळं ते ठरवायला लागले, मजल्यावरचे लोक त्यांना विचारायला यायचे. नोकरी परत आली नाहीच, पण माझे वडील परत आले. आणि ते काम आईने त्यांना 'मदत' म्हणून दिलेलं नव्हतं, ती झोपून होती म्हणून पूर्ण सुटलं होतं तिच्या हातून, हे मला मोठं झाल्यावर कळलं.

म्हणून तुला माझं सांगणं, वाटून घ्या पण तुकडे नको. "तू भांडी लाव, मी बघते बरोबर लावलीस का" हा तुकडा झाला. "संध्याकाळचं जेवण तुझं" हे पूर्ण काम झालं, म्हणजे काय करायचं ते तो ठरवणार, सामान तो आणणार, जाड पोळ्या झाल्या तर जाड पोळ्या आपण सगळे खाणार. मुलाचं प्रीस्कूल त्याचं म्हणजे टीचरचे मेसेज पण त्याच्या फोनवर आले पाहिजेत, तुझ्या नाही. डॉक्टरच्या अपॉइंटमेंट त्याच्या म्हणजे तोच घेईल आणि एखादी विसरला तर परत तोच फोन करून माफी मागून नवीन घेईल. पहिले दोन-तीन आठवडे घरात गोंधळ होईल, स्वेटर आटेल, पोरगी म्हणेल आई तूच वेणी घाल. तू घालू नकोस. बाबा शिकेल. लंचमधला फोन बंद कर, खरंच बंद कर, काही पेटलं तर तो करेल तुला. आणि कपड्यांच्या घड्यांना हात लावायचा नाही, हे तुला सगळ्यात जड जाणार आहे मला माहितीये.

तू म्हणशील मावशी हे सगळं तात्पुरतं आहे, दोन महिन्यांत त्याला नोकरी लागली की परत माझ्याकडेच येणार, मग कशाला एवढं. हीच तर गडबड आहे. तात्पुरतं म्हणून जे करतो त्यात माणूस जीव ओतत नाही. आणि समजा लागली नोकरी, तुझी पण फुलटाइम राहणारच आहे ना? मग त्याला सगळं येत असेल तर तुझंच भलं आहे.

सिनेमाच्या मधल्या भागात जॅक खचतो. दाढी, तोच फ्लॅनेलचा शर्ट रोज, पोट सुटतंय, दुपारच्या सिरियल, शेजारच्या बायकांबरोबर पत्ते आणि पैशांऐवजी दुकानाची कूपनं. तिथेच तुझा नवरा उठला. तो जर अजून पाच-दहा मिनिटं बसला असता तर त्याला पुढचा सीन दिसला असता, आणि तो सीन माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला आहे, लोक त्याबद्दल कमी बोलतात आणि वॉशिंग मशीनबद्दल जास्त. कॅरोलाइन त्याला धरते, भांडण होतं, जॅक म्हणतो की माझ्या डोक्याची खिचडी झालीये, मी पोरावर ओरडलो कारण त्याने चित्रात रेषेबाहेर रंग लावला, तान्ह्या पोरीचे टीव्ही प्रोग्राम मला आवडायला लागलेत. आणि कॅरोलाइन त्याला लाज आणत नाही, ती त्याला सांगते की मी इथेच होते, हे सगळं मला माहितीये, पण मला हे काम करण्याचा अभिमान होता आणि तुला नाहीये. यात तिचा राग पण आहे, कारण इतकी वर्षं ती त्याच खिचडीत होती आणि त्याला दिसलंच नव्हतं.

हे बोलणं तुमच्यात व्हायला हवंय. तुझी मुलगी झाली तेव्हा तू तीन वर्षं पूर्ण घरी होतीस, बर्फात, गाडी चालवता येत नव्हती, तू लिहिलंयस की कधी कधी दुपारी खिडकीपाशी बसून रडायचीस. त्याला हे माहिती आहे का? मला शंका आहे. त्याला सांग. तक्रार म्हणून नको, "बघ तेव्हा तुला कळलं नाही ना" असं नको, तर मला ही जागा माहितीये म्हणून सांग. घरी बसलेल्या माणसाला सल्ल्यांपेक्षा हे जास्त लागतं की समोरच्याला ही जागा माहिती आहे.

आणखी एक प्रसंग, मला फार आवडतो तो. कॅरोलाइनच्या एजन्सीकडे ट्यूना माशाच्या डब्यांची कंपनी आहे, खप पडलाय, सगळे सूटवाले पुरुष भारी भारी जाहिराती सुचवतायत. कॅरोलाइन सांगते की मंदी आहे, लोकांकडे पैसे नाहीत, डब्याची किंमतच कमी करा आणि लोकांना सरळ तसं सांगा. तिला हे कुठून कळलं? वर्षानुवर्षं किराणा तिने आणला म्हणून. घर चालवताना शिकलेलं बाहेर कामाला येतं, आणि हे उलट पण खरं आहे. तुझा नवरा प्रोजेक्ट चालवायचा, सप्लायर, डेडलाइन, बजेट. त्याला म्हण की या घराचं महिन्याचं बजेट पूर्ण तू घे, आपल्याकडे किती महिन्यांचे पैसे आहेत ते तू काढ आणि मला दाखव. यादीतली कामं करण्यापेक्षा याच्यात त्याचं डोकं चालेल, आणि तुमच्या दोघांची रात्रीची झोप पण सुधारेल, कारण आत्ता तुम्ही दोघं वेगवेगळे बसून मनातल्या मनात तेच हिशोब करताय.

कामाच्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. मिशिगनचा बेकारी भत्ता घेतला नसेल तर लगेच क्लेम कर म्हणावं, ती भीक नाहीये, आधी २० आठवडे मिळायचा, आता २०२५ पासून २६ केलाय, आणि दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन सर्टिफाय करावं लागतं ते विसरायचं नाही. कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स कोब्राखाली (नोकरी गेल्यावरही तोच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची कायद्यातली सोय) चालू ठेवायचा की तुझ्या हॉस्पिटलच्या प्लॅनमधे सगळ्यांना घ्यायचं याला मुदत असते, कोब्रासाठी निवडायला ६० दिवस मिळतात आणि तुझ्या प्लॅनला बहुतेक त्याहून कमी, ते आजच्या आज तुझ्या एचआरला विचार. मार्च म्हणालीस म्हणून काळजी वाटतेय. (ग्रीन कार्ड नसलेले जे वाचक आहेत, एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेले, त्यांच्याकडे नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस असतात, तेवढ्यात नवीन कंपनीने अर्ज करावा लागतो किंवा स्टेटस बदलावा लागतो, त्यांनी घर नीट लावायच्या आधी वकील गाठा.) आणि नोकरी शोधणं त्याने घरातल्या टेबलावर बसून नको, पोरगा प्रीस्कूलला गेला की लायब्ररीत जाऊन बसावं, दोन-तीन तास, रोज. घर सोडून कुठेतरी जायला लागलं की दाढी पण होते आणि कपडे पण बदलले जातात, त्यासाठी कोणी टोकावं लागत नाही.

आता सासूबाई. हा शर्ट बदलून बसण्याचा प्रकार थांबवा, लवकर. तो प्रत्येक कॉलला नाटक करतोय आणि मुलगी बघतेय, ९ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं, तिला आता हे कळलंय की बाबाची नोकरी गेली ही आजीपासून लपवायची गोष्ट आहे म्हणजे काहीतरी लाजेचं आहे. तू लिहिलंस की सासरे चिंचवडला कारखान्यात होते. मग त्या घराला कपात काय असते ते आपल्यापेक्षा जास्त कळतं, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखाने बंद पडताना त्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय. त्यांना लागेल, रडतील, दोन दिवस नातेवाइकांचे फोन येतील, आणि मग त्या विचारतील की नातवंडं जेवतात का नीट. पण सांगायचं त्याने, तू नाही. तू सांगितलंस तर ती तू केलेली चुगली होते किंवा तू त्याला सांभाळून घेतल्यासारखं होतं, दोन्ही नको. तू फक्त शेजारी बस. "आई, माझी नोकरी गेलीये, मार्चमधे गेली, मी सांगायला उशीर केला. पैसे आहेत, ती पूर्णवेळ काम करतीये, मी मुलांचं बघतोय आणि दुसरी शोधतोय." एवढी चार वाक्यं आहेत. रविवारी सकाळी तुमच्याकडे नाश्त्याची वेळ असते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, तेव्हा करा, रात्री झोपायच्या आधी त्यांना असलं काही सांगू नका.

मंडळातल्या लोकांचं. त्यांना वाटतं ते चिडवतायत म्हणजे आपुलकी दाखवतायत. त्यातल्या निम्म्यांची नोकरी पण त्याच गाड्यांच्या धंद्यावर आहे आणि ते घाबरलेत, म्हणून हसतात. त्याला आवडत नाही हे तुला कळलंय तर पुढच्या वेळी तू शांतपणे म्हण, "त्याचं नाव आहे ना, त्याच नावाने हाक मारा." तू म्हणायचं, त्याने नाही, कारण तो बोलला तर लोक म्हणतील मनाला लावून घेतलं. आणि त्या मित्राने सिनेमा सुचवला त्याच्यावर राग धरू नकोस, त्याने चांगल्या मनानेच सुचवला असणार.

सिनेमातलं सगळं घ्यायचं नाही, हे पण सांगते. शेवट मला पटत नाही. जॅकचा जुना बॉस परत बोलवायला येतो, कॅरोलाइनचा बॉस पण मनधरणी करायला येतो, सगळं जागच्या जागी बसतं. खऱ्या डेट्रॉइटमधे कित्येक जणांचे प्लांट कायमचे बंद झाले, कोणी दारात बोलवायला आलं नाही. तुम्ही त्या फोनची वाट बघत राहू नका, इलेक्ट्रिकचा प्रोजेक्ट थांबला म्हणजे कदाचित त्याला थोडं बाजूचं काम शोधावं लागेल, ट्रक, शेतीची मशिनं, डिफेन्स, मिशिगनमधे तेही आहे. आणि कॅरोलाइनचा बॉस तिच्या मागे लागलेला दाखवलाय, म्हणजे बाई बाहेर कमवायला गेली की काहीतरी विपरीत होणारच, हे त्या काळच्या सिनेमांना दाखवावंसं वाटायचं. ते सोडून दे. तू बिलिंगमधे चांगलं काम करतेस, तेवढंच आहे ते.

पण कंपनीच्या पिकनिकची शर्यत लक्षात ठेवण्यासारखी. तिथे बॉसला जिंकू द्यायची पद्धत असते. जॅक पुढे असतो, सहज जिंकणार असतो, आणि कॅरोलाइनची नोकरी जाऊ नये म्हणून हरतो. स्वतःची नोकरी गेलेला माणूस, आतून तुटलेला, जिंकायची एकुलती एक संधी होती ती पण बायकोसाठी सोडतो. तुझा नवरा तुला रोज सकाळी सात वाजता गाडी गरम करून देतो ना? तू लिहिलंयस पत्रात, एका ओळीत, सहज. ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्याला सांगितलंयस का कधी की तुला ते कळतं?

आणि मुलं. सिनेमात मधल्या पोराला त्याची लाडकी दुलई सोडायची नसते, जॅक त्याच्याशी बसून मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो आणि पोरगा स्वतःहून ती देतो. नोकरी असताना जॅकला एवढा वेळच नव्हता. तुझा चार वर्षांचा मुलगा आता झोपताना बाबा मागतो हे तू थोडं दुखावून लिहिलंयस. दुखू दे थोडं, पण मधे पडू नकोस. त्या नात्याचं नंतर आयुष्यभर पुरेल असं काहीतरी आत्ता होतंय.

एक गंभीर गोष्ट, ही मात्र टाळायची नाही. तो कमी बोलतो हे मी समजू शकते, पण झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, पिणं वाढलं असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काहीही तोंडातून आलं, गमतीत सुद्धा, तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरला फोन, आणि रात्री-बेरात्री असेल तर ९८८ ला फोन किंवा मेसेज, आत्महत्येचे विचार आलेल्यांसाठीची ही हेल्पलाइन अमेरिकेत चोवीस तास चालू असते. आपल्याकडचे पुरुष हे बोलत नाहीत म्हणून तू सरळ विचार. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट सुटका झाल्यासारखं वाटतं.

राहिली पगारवाढ. ती लपवणं मला सगळ्यात चुकीचं वाटलं, घड्यांपेक्षा आणि लंचच्या फोनपेक्षा. तुला वाटलं त्याला वाईट वाटेल. पण तू लपवलंस म्हणजे तूच ठरवून टाकलंस की तो एवढा लहान झालाय की बायकोचं चांगलं झालेलं त्याला सोसणार नाही. त्याला तेवढं लहान करू नकोस. आणि पैशांची ही बातमी तुमच्या घराला आत्ता हवी आहे, तो रात्री तीन वाजता छताकडे बघत जो हिशोब करतो त्यात ही रक्कम नाहीये. आज मुलं झोपली की सांग. कदाचित तो पाच मिनिटं गप्प बसेल. बसू दे, ती शांतता भरायला जाऊ नकोस, आणि तो जेव्हा विचारेल की किती, तेव्हा आकडा पूर्ण सांग.